एक ओटा, दोघींची उंची : सात बाय नऊच्या स्वयंपाकघराच्या नोंदी

१४ सप्टेंबर २०२५, रविवार

गणपती झाले आणि खालच्या मजल्यावरच्या काकू वर आल्या. रागावून नाही, काळजीने आल्या. त्यांच्या स्वयंपाकघराच्या छताला ताटाएवढा ओला डाग पडलाय आणि काल रात्री गिलाव्याचा एक पोपडा थेट पोळीच्या डब्याशेजारी पडला. मी आणि नवरा खाली जाऊन बघून आलो. डाग बरोबर आमच्या मोरीखाली आहे. मी पेन्सिलीने त्याच्या कडेने रेघ ओढून शेजारी तारीख लिहून ठेवली. म्हणजे तो वाढतोय की आहे तेवढाच आहे, ते कळेल.

इमारत १९८७ची. पुण्यात तेव्हा बांधलेल्या बऱ्याच घरांसारखीच : मोझॅकची फरशी, कडप्प्याचा ओटा, लोखंडी जीआय पाईप, कोपऱ्यात भांडी घासायची मोरी. सासऱ्यांनी घर घेतल्यापासून स्वयंपाकघराला रंगाशिवाय काही झालेलं नाही. सात फूट बाय नऊ फूट. मोरी फोडायची तर बाकीचंही आत्ताच करावं, असं आज जेवताना ठरलं. परत परत हे घर उकरायचं नाही.

२१ सप्टेंबर, रविवार

आज सर्वपित्री. काम काढायचा प्रश्नच नव्हता, म्हणून पैशांचा हिशेब घेऊन बसलो. माझी भिशी लागलीय, ६०,०००. एक मुदतठेव मोडली तर ५५,०००. नवऱ्याचा दिवाळी बोनस धरून ३५,०००. एकूण दीड लाख, आणि त्यावर कर्ज काढायचं नाही.

काल एका मॉड्युलर किचनच्या दुकानात जाऊन आलो होतो. त्यांचा आकडा ३,४०,०००. त्यात पाईप नाही, वायर नाही, मोरी नाही. फक्त जे डोळ्यांना दिसतं तेवढंच. आमचं दुखणं नेमकं त्या आकड्याबाहेरचं आहे.

२८ सप्टेंबर, रविवार

या नोंदीला मी सगळ्यात जास्त वेळ देणार आहे, कारण पुढचं सगळं हिच्यावर अवलंबून आहे.

माझी कंबर दुखते. आईंचा (सासूबाईंचा) उजवा खांदा दुखतो. गेली चार-पाच वर्षं आम्ही दोघी आपापलं दुखणं वयाच्या नावावर घालत आलो. या आठवड्यात मी मोजपट्टी घेऊन उभी राहिले आणि कळलं की दोन्ही दुखणी एकाच ओट्याची आहेत.

आई चार फूट अकरा इंच. सरळ उभं राहून हात काटकोनात दुमडला की त्यांचं कोपर जमिनीपासून ३७ इंचांवर येतं. मी पाच फूट चार, माझं कोपर ४० इंचांवर. चिरण्या-निवडण्याचं काम कोपराच्या साधारण चार-पाच इंच खाली असलं की पाठ सरळ राहते. आमचा ओटा ३० इंच, म्हणजे माझ्या कोपरापासून दहा इंच खाली. मी रोज भाजी चिरताना वाकलेली असते.

मग तोच ओटा आईंना बुटका पडायला हवा होता, निदान बरोबर तरी. पण त्यांचं काम मुख्यतः शेगडीपाशी. ओटा ३० इंच, शेगडी साडेचार, वर कढई पाच. झाले साडेएकोणचाळीस. म्हणजे कढईची कड त्यांच्या कोपराच्या अडीच इंच वर! पिठलं ढवळताना, शिरा परतताना त्यांचा खांदा सतत उचललेला. त्यात पातेलं मोठं असलं की आत काय शिजतंय ते बघायला टाचा उंच करायच्या.

थोडक्यात, मला ओटा उंच हवा आणि आईंना शेगडी खाली हवी. सुताराला किंवा गवंड्याला नुसतं “ओटा किती उंच करू?” असं विचारू दिलं तर दोघींपैकी एकीचं दुखणं कायम राहणार.

माळ्यावरून जेवायला बसायचे जुने सागवानी पाट काढले. दोन्ही तीन-तीन इंच उंच. एक घासूनपुसून ओट्यावर ठेवला आणि त्यावर विळीऐवजी चिरायची फळी घेतली. माझं काम ३३ इंचांवर आलं. दुसरा पाट शेगडीसमोर जमिनीवर ठेवला. गॅस बंद, कढईत मूठभर गार पोहे, आई पाटावर उभ्या राहिल्या आणि उलथनं फिरवायला लागल्या. एक मिनिट काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “अगं, हात आपोआप खाली आला.”

आई वाई तालुक्यातल्या. त्यांच्या माहेरी चूल जमिनीवर, बसून स्वयंपाक. पुण्यात आल्यावर पहिल्यांदा उभ्याने रांधायला लागल्या आणि तेव्हा नवीन घराचा तो मान होता. बसून रांधताना हात कधी खांद्याच्या वर जात नव्हता, हे त्यांना आज पाटावर उभं राहून आठवलं. मला हे ऐकून वाईट वाटलं. अडतीस वर्षं त्या दुसऱ्या कुणाच्या तरी मापाच्या ओट्यापाशी उभ्या आहेत.

आठवडाभर माझ्यासाठी वरचा पाट चालू ठेवला आणि रात्री पाठीची नोंद केली. फरक आहे. आईंना मात्र गॅस चालू असताना पाटावर उभं राहू दिलं नाही.

ठरलं ते असं : ओटा ३३ इंच. शेगडीचा साडेतीन फुटांचा भाग सहा इंच खाली, २७ इंचांवर. शेगडीची रुंदी २५ इंच, शेजारी पोळपाटाला १५ इंच, दोन इंच मोकळे. कढईची कड येते साडेछत्तीसवर, आईंच्या कोपराच्या जरा खाली. त्यांना पोळ्या लाटायला शेगडीशेजारचा खालचा भाग, कारण लाटताना अंगाचा भार वरून पडला पाहिजे. मी लाटेन वरच्या भागावर.

१२ ऑक्टोबर, रविवार

तीन मिस्त्री येऊन बघून गेले. पहिल्याने मोरी न बघताच आकडा सांगितला. दुसऱ्याने सगळं तोडून नवीन करायचा आग्रह धरला, फरशीसकट. तिसरे मूळचे पुरंदर तालुक्यातले, पन्नाशीचे काका. त्यांनी आधी मोरीत बादलीभर पाणी ओतलं, खाली काकूंकडे जाऊन डाग बघितला, नळाचा पाईप नखाने खरवडून बघितला आणि मग चहा घेतला.

खालच्या भागाचं माझं चित्र बघून ते म्हणाले, “ताई, असं कोण करत नाय. मधे पायरी आली की तिथं तेल बसणार, घाण साचणार.” हरकत खरी आहे. मी त्यांना पाटाचा प्रयोग करून दाखवला. आईंनीही उभं राहून दाखवलं. काका थोडा वेळ ओट्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, “आजींचा हात बघितला. करू. कोपरा गोल करून देतो, फडकं फिरंल असा.”

काम अंगावर दिलं : तोडल्यानंतरचं सगळं गवंडीकाम, मोरी, ओटा, भिंतीच्या टाईल धरून ३२,०००. माल आमचा. पैसे चार टप्प्यांत, शेवटचे ७,००० काम संपल्यावर पंधरा दिवसांनी. हे कागदावर लिहिलं, दोघांनी सह्या केल्या. दिवाळीनंतर सुरुवात.

मोझॅकची फरशी ठेवायची. ती कुठे हललेली नाही, ठोकून बघितली तर पोकळ आवाज नाही. पॉलिश करून घेऊ. नवीन टाईल, सिमेंट, मजुरी, राडारोडा, चारही वाचले.

२ नोव्हेंबर, रविवार

कार्तिकी एकादशी. उपास असल्याने स्वयंपाकघर लवकर रिकामं झालं आणि दुपारपासून बांधाबांध. तात्पुरतं स्वयंपाकघर बाल्कनीत : एक इंडक्शन, एक प्रेशर कुकर, एक कढई, एक तवा, मसाल्याचा डबा. बाकी सगळं खोक्यांत, खोक्यांवर यादी. पितळी पातेली आणि पुरणयंत्र दिवाणात.

सोसायटीला पत्र दिलंय. सकाळी दहा ते एक आणि चार ते सहा एवढ्यातच तोडफोड.

३ आणि ४ नोव्हेंबर

दोन बिगारी, दोन दिवस. पहारीने ओटा उचलताना काकांनी स्वतः लक्ष घातलं, कारण उभे कडप्पे अख्खे काढायचे होते. चार अख्खे निघाले. वरच्या कडप्प्यावर लिंबू-कोकमाने पडलेले पांढरे चट्टे होते, तो वापरायचा नाही. कडप्पा चुनखडीचा दगड, आंबट लागलं की त्याची कांती जाते. वर ग्रॅनाईट घ्यायचं ते त्यासाठीच.

आज एक आनंदाची गोष्ट सापडली. जुन्या ओट्याखाली पूर्ण मोझॅक होती, दहा बाय दहाच्या फरश्या, अडतीस वर्षं पाय न लागलेल्या. हिरवे-पांढरे खडे इतके स्वच्छ की बाकीच्या फरशीचा खरा रंग आम्हाला आत्ता कळला. मोरीच्या कडेला आणि पाईपसाठी जिथे फोडावं लागणार तिथे बसवायला सात फरश्या सावकाश सुट्या करून घेतल्या. ओट्याखाली त्या जागी साधा कोबा चालेल.

राडारोडा गोण्यांत भरून दुसऱ्या मजल्यावरून खाली, तिथून टेम्पो. टेम्पोचे २,५००, बिगाऱ्यांचे ३,२००. टेम्पोवाल्याला नदीकाठी टाकायचं नाही, महापालिकेने सांगितलेल्या जागीच न्यायचं, हे आधी बजावलं आणि त्यासाठी जास्तीचे पैसे दिले. मुठेच्या काठावरचे ढीग रोज बसमधून दिसतात. त्यात आमच्या ओट्याची भर नको.

संध्याकाळी दार उघडलं तर खालच्या काकू डबा घेऊन उभ्या. पोळ्या आणि वांग्याशिवायची मिसळीची भाजी. “तुझ्याकडे धूळ आहे, मला ठाऊक आहे,” एवढंच म्हणाल्या.

६ नोव्हेंबर, गुरुवार

मोरी फोडली आणि डागाचं मूळ सापडलं. नहाणी ट्रॅप (मोरीच्या तोंडाखालचा, थोडं पाणी धरून ठेवणारा भाग) आणि बाहेर जाणारा पाईप यांच्या सांध्यात सिमेंट भरलेलं होतं, ते पूर्ण भुसभुशीत झालेलं. बोटाने निघालं. पाणी ट्रॅपमधून थोडं पाईपात, थोडं स्लॅबमध्ये. वरून कितीही पांढरं सिमेंट भरलं असतं तरी उपयोग नव्हता. याआधी दोनदा आम्ही तेच केलं होतं.

जीआय पाईप कापला तर आत गंजाचे थर, पाणी जायला जेमतेम करंगळीएवढं भोक. नळाला धार का नाही, याचं उत्तर तिथे होतं.

नवीन : पिण्याच्या आणि वापराच्या पाण्याला सीपीव्हीसी, म्हणजे न गंजणारा प्लास्टिकचा पाईप, सांडपाण्याला ७५ मिलिमीटरचा पीव्हीसी पाईप, फुटाला पाव इंच उतार. नवीन ट्रॅप खोल पाणी धरणारा, म्हणजे वास आणि झुरळं वर येणार नाहीत. भिंतीतले पाईप बुजवण्याआधी तोंडं बंद करून हातपंपाने दाब देऊन रात्रभर ठेवले. सकाळी काटा तिथेच होता. प्लंबरला हे करून घ्यायला सांगावं लागलं. त्याच्या मते वेळ वाया. पण बुजवलेल्या भिंतीत सांधा गळला तर नवीन टाईल फोडायला लागतात.

प्लंबिंग, माल-मजुरीसकट २१,५००. मी १५,००० धरले होते.

८ नोव्हेंबर, शनिवार

मोरीचं वॉटरप्रूफिंग. आधी पृष्ठभाग ब्रशने घासून मोकळी रेती काढली, जमीन-भिंत मिळते त्या कोपऱ्यांत सिमेंटचा गोल वाटा मारला. काटकोनी कोपऱ्यात लेप चिरतो, गोल कोपऱ्यात टिकतो. मग सिमेंट आणि पॉलिमरचा लेप, पहिला हात आडवा, तो सुकल्यावर दुसरा उभा. भिंतीवर एक फूट वरपर्यंत. माल ४,६००.

सिमेंटवरचा जीएसटी २२ सप्टेंबरपासून २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे. आमच्यासारख्या सहा-आठ गोण्यांच्या कामात त्याने मोठा फरक पडत नाही, तरी टेम्पोतल्या एका फेरीचा चहा निघाला.

११ नोव्हेंबर, मंगळवार

पाणी भरून ठेवलं. ट्रॅपचं तोंड बंद, मोरीच्या उंबऱ्याला विटांचा बांध, आत दोन इंच पाणी. भिंतीवर पेन्सिलीची खूण. शेजारी एका घमेल्यात तेवढंच पाणी भरून त्यावरही खूण केली. हवेने जे उडायचं ते दोन्हीकडे सारखंच उडेल. मोरीतलं जास्त उतरलं तर ते गळतंय. ही युक्ती मुलीची, नववीत आहे.

१२ नोव्हेंबर, बुधवार

घमेल्यात २ मिलिमीटर उतरलं. मोरीत ९.

काकांना फोन केला. ते म्हणाले, “थोडं सिमेंट पाणी पितं, ताई.” असेल. पण सात मिलिमीटर? खाली जाऊन बघितलं तर पेन्सिलीच्या रेघेला लागून छत गार लागत होतं. काका संध्याकाळी स्वतः आले, हात लावून बघितला आणि आपणहून म्हणाले की परत करू.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

गळती ट्रॅपच्या गळ्याशी. प्लास्टिकच्या गळ्याला सिमेंटचा लेप नुसता टेकला होता, धरला नव्हता. काकांनी गळा काचपेपरने खरखरीत केला, भोवती बोटभर खाच पाडली, ती न आकसणाऱ्या ग्राऊटने भरली, वर फायबरची जाळी चार इंच रुंद गोल कापून लेपात बुडवून बसवली आणि पूर्ण मोरीला तिसरा हात दिला. मी शेजारी बसून बघितलं. इतकं नाजूक काम इतक्या जाड बोटांनी होताना बघणं मला फार आवडलं.

याचे पैसे काकांनी मागितले नाहीत. जाळी आणि ग्राऊटचे ६५० आम्ही दिले, ते वरच्या ४,६०० मध्ये धरलेत.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

रविवारी सकाळी परत पाणी भरलं होतं. अठ्ठेचाळीस तासांनी घमेल्यात ४ मिलिमीटर, मोरीतही ४. काकूंच्या छताला हात लावला, गार नाही.

या दोन आकड्यांसाठी सहा दिवस गेले आणि सगळं वेळापत्रक पुढे सरकलं. बाल्कनीत रोज मुगाची खिचडी. पण मोरी या आठवड्यात घाईने बुजवली असती तर बाकीच्या कशालाच अर्थ नव्हता.

२० नोव्हेंबर, गुरुवार

वायरिंग. जुनी वायर ॲल्युमिनियमची, मिक्सर आणि ओव्हन एकत्र लावले की बोर्ड गरम व्हायचा. आता तांब्याची. मोठ्या दोन पॉइंटना वेगवेगळी चार स्क्वेअर मिलिमीटरची वायर आणि स्वतंत्र एमसीबी (भार जास्त झाला की आपोआप पडणारं बटण), बाकीच्यांना अडीचची वायर. अर्थिंग नव्याने. मीटरपाशी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवला. ओल्या हाताने कुणी बटणाला हात लावला आणि वीज अंगातून जमिनीकडे जायला लागली तर तो क्षणात तोडतो. सिंकच्या जवळ एकही पॉइंट नाही.

१६,८००. इथे काटकसर केली नाही.

चिमणीवर मात्र काट मारली. तिच्याऐवजी खिडकीच्या वरच्या तावदानात नऊ इंची एक्झॉस्ट पंखा, २,७००. आमचं स्वयंपाकघर बाहेरच्या भिंतीला आहे, फोडणीचा धूर थेट बाहेर जातो.

२२ ते २५ नोव्हेंबर

ओट्याची उभारणी. जुने उभे कडप्पे खालच्या भागाला किंचित कापून नेमके पुरले. वरच्या भागाला नवीन घ्यावे लागले, कापणीसकट २,२००. मागची भिंत ओळंब्यात नाही, नऊ फुटांत पाऊण इंच फरक निघाला. तो गिलाव्यात काढला.

सिलिंडर कुठे ठेवायचा यावर एक दिवस गेला. रेग्युलेटरसकट मोजला तर २६ इंच, तो खालच्या भागाखाली मावत नाही. म्हणून वरच्या भागाखाली, पायरीच्या अगदी शेजारी. नळी दीड मीटरची, तीही नवीन; पाच वर्षं झाली की बदलायची असते आणि आमच्या जुन्या नळीवरची तारीख २०१९ची निघाली. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर तळाशी साचतो. त्यामुळे सिलिंडरच्या दाराला तळाशी जाळी ठेवायची. गल्लीत पाईपचा गॅस अजून आलेला नाही. तो आला की उलटा विचार करावा लागेल, कारण तो हलका, वर जातो.

२६ नोव्हेंबर, बुधवार

चंपाषष्ठी. काका जेजुरीला. काम बंद. आईंनी बाल्कनीत इंडक्शनवर वांग्याचं भरीत केलं. वांगं भाजायला खालच्या काकूंचा गॅस. चातुर्मासापासून चंपाषष्ठीपर्यंत वांगं बंद होतं, म्हणून आज दोन्ही घरांत त्याचा वास.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

ग्रॅनाईट. काळं, बारीक ठिपक्यांचं. कापणी, कडांचं पॉलिश, सिंकचं भोक आणि चढवणावळ धरून ९,७००. बाजारात दोन दगड शेजारी ठेवून आम्ही लिंबू पिळून अर्धा तास थांबलो होतो. एक अतिकाळा चकचकीत होता, त्यावर पुसल्यावर काळा रंग फडक्याला आला. तो रंगवलेला होता. हा नाही.

पायरीचा उभा तुकडा बसवताना काकांनी शब्द पाळला. खालच्या कोपऱ्यात इपॉक्सी भरून बोटाच्या पेराने गोल केलं. फडकं अडत नाही. पण सिंकचं भोक दुकानात मागच्या बाजूला एक इंच जास्त कापून आलं होतं. दगड परत द्यावा तर चार दिवस. काकांनी मागे ग्रॅनाईटची पट्टी चिकटवून ते भरलं. सांधा दिसतो. नळाच्या मागे आहे, राहू दे.

२ ते ६ डिसेंबर

भिंतीच्या टाईल, बारा बाय अठराच्या, फिक्या पिवळ्या, दोन फूट उंचीपर्यंत. मोरीत बारा बाय बाराच्या खरखरीत. मोरीत मोठ्या टाईल घेऊ नयेत, चारही बाजूंनी ट्रॅपकडे उतार द्यायचा तर मोठी टाईल वळत नाही. दोन्ही मिळून ५,४००.

मोरी ठेवायची की नाही, यावर घरात बरंच बोलणं झालं होतं. मुलगी म्हणत होती, काढा, जागा मिळेल. पण भांडी घासायला येणाऱ्या मावशींना विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, मोठी पातेली सिंकमध्ये फिरत नाहीत, हात दुखतो. मोरी राहिली. त्यांच्यासाठी नळ बसून हात पुरेल एवढा खाली घेतला आणि नऊ इंच उंच दगडी बैठक केली, म्हणजे उकिडवं बसायला नको. गुरुवारी दत्तजयंतीला त्या पहिल्यांदा तिथे बसल्या.

सिंक ३०४ प्रतीच्या स्टीलचं, नळ धरून ८,६००.

१० डिसेंबर, बुधवार

फरशीचं पॉलिश. मशीन फिरलं आणि घरभर राखाडी चिखल. काढलेल्या सात फरश्या मोरीच्या कडेला बसल्या आहेत. पॉलिशनंतर जुनी कुठली आणि ठेवणीतली कुठली हे मलाही पटकन सांगता येत नाही. ४,५००.

१४ डिसेंबर, रविवार

आज दूध उतू घातलं.

आईंनी स्वतः शेगडी पेटवली. छोट्या पातेल्यात दूध, हळदकुंकवाची दोन बोटं. दूध वर आलं, पूर्वेकडून सांडलं आणि खालच्या भागात पसरून तिथेच थांबलं. पायरीमुळे सिंककडे नाही, पुढच्या काठाची उंच पट्टी असल्याने जमिनीवर नाही. आईंनी फडक्याने गोल कोपरा एका हातात पुसला. मग रव्याचा शिरा. मी वरच्या भागावर काजू चिरत होते, त्या शेजारी खाली रवा परतत होत्या आणि पहिल्यांदाच आम्हा दोघींचे खांदे सरळ होते. मी ते मुद्दाम बघितलं.

शिऱ्याचा पहिला डबा खाली काकूंकडे, दुसरा मिस्त्रीकाकांना.

२१ डिसेंबर, रविवार

हिशेब. ओट्याखाली पूर्ण ट्रॉल्या न करता फक्त दोन, रोजच्या भांड्यांसाठी आणि डब्यांसाठी, बाकी कडप्प्याचे कप्पे आणि ॲल्युमिनियमच्या चौकटीची दारं, सगळं मिळून २४,५००. सिमेंट, रेती, टाईलचा चिकट माल ७,९००. रंग ५,५००, तो आम्ही तिघांनी दोन रविवारी लावला, हे फक्त मालाचे. काकूंच्या छताचा गिलावा आणि रंग ३,८००, तो आमचाच खर्च. गळती आमची होती.

एकूण १,५५,४००. दीड लाखाच्या वर ५,४००. ते घरखर्चातून काढले.

यातले ४२,९०० पाईप, वायर आणि मोरीच्या लेपाचे आहेत. पाहुणे येतात, पिवळ्या टाईलचं कौतुक करतात. मी त्यांना पाण्याची खूण दाखवते, भिंतीवर टाईल लागण्याआधी काढलेला फोटो आहे.

काही राहिलंय. सिलिंडरच्या दाराची जाळी अजून आलेली नाही, तोवर ते दार काढूनच ठेवलंय. मसाल्याची फळी मी माझ्या हाताच्या उंचीने लावली, आईंना पुरत नाही. चार इंच खाली घ्यायची. पोळपाटाच्या जागेवर सावली पडते, तिथे एक छोटा दिवा हवा.

२८ डिसेंबर, रविवार

मिस्त्रीकाका शेवटचे ७,००० घ्यायला आले. आधी मोरीत बादलीभर पाणी ओतलं, मग माझ्याबरोबर खाली गेले. काकूंचं छत नव्याने रंगवलेलं, पेन्सिलीची रेघ रंगाखाली गेलीय. काकांनी स्टुलावर चढून तिथे तळहात टेकवून ठेवला, बराच वेळ.

“कोरडं आहे,” म्हणाले.

वर आल्यावर आईंनी त्यांना चहा करून दिला. तो होईपर्यंत ते शेगडीपाशी उभे राहून त्यांच्या हाताकडे बघत होते. जाताना जिन्यात मला म्हणाले, “ताई, आमच्या घरचीबी बुटकी आहे. ते सत्तावीस इंचाचं माप जरा लिहून द्या.” मी कागदावर लिहून दिलं, पण खाली असंही लिहिलं की आधी वहिनींचं कोपर मोजा.